वर्षावासातील एक काम

धम्मभगिनींनो, आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो; पुराचे दिवसही तेच. 24 जुलै 1989 रोजी अंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा आणि नागोठणे झोडपले. याला दैवाचा कोप म्हणू नका. दैव आपण दीक्षेबरोबरच सोडले. डोंगराचा पाऊस आणि खाडीचे उधाण एका वेळी आले, की पेण-रोह्याच्या खारेपाटात पाणी तुंबते. कारण कळले, की उपाय करता येतो.

लातूरकडे पाहा. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या साह्याने महिला मंडळांतील बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. भूकंपात टिकणारे घर कसे बांधावे, हे त्यांनी गावोगाव समजावले. 2001 च्या भूकंपानंतर त्यांच्यातल्या काही गुजरातच्या बायांना धीर द्यायला गेल्या. कोणत्या घरात बाळंतीण आहे, कोण अंथरुणाला खिळले आहे, हे बायांनाच ठाऊक असते.

तुम्ही ग्रंथवाचनाला विहारात जमताच. (पुरुषमंडळी बहुधा समारोपाच्या भोजनाला उगवतात, ते असो!) तिथेच यादी करा, कातकरीवाडीची घरेही तीत धरा. उधाणाला बांधावर आणि उघाडीवर नजर कोण ठेवील, म्हातारीला कोण उचलील, हे आजच ठरवा. आणि विहार उंचावर असेल, तर त्याची एक किल्ली जवळच्या घरातील बाईकडे द्या.