जामिनाची सही

वारज्यात महामार्गाच्या कडेने वाढलेल्या सोसायट्यांपैकी एखाद्या सोसायटीत राहणारा ख्रिस्ती नोकरदार घ्या. त्याच्याकडे चुलतभाऊ येतो. पतसंस्थेचं कर्ज मंजूर होत आलंय, फक्त एका जामीनदाराची सही हवी. या बाबतीत बायबल गप्प नाही. उलट नको तितकं बोलतं. नीतिसूत्रांचा सहावा अध्याय बजावतो की जामीन राहिला असशील तर झोपूही नकोस, आधी स्वतःला सोडवून घे. बाविसाव्यात कर्जदाराला सावकाराचा दास म्हटलंय. इकडे डोंगरावरच्या प्रवचनात येशू शिकवतो की उसनं मागणाऱ्याकडे पाठ फिरवू नये.

मग सही करायची की नाही?

काहीजण अशा वेळी डोळे मिटून पान उघडतात आणि बोट पडेल ते वचन उत्तर मानतात. देवळात कौल लावावा तसंच हे. मला ते पटत नाही. नीतिसूत्रांचे अध्याय ३१, म्हणून तारखेप्रमाणे रोज एक वाचण्याची रीत अनेक घरांत आहे, ती बरी. तसं वाचलं की २६ तारखेला गंमत होते. चौथं वचन सांगतं, मूर्खाला त्याच्या पातळीवर उतरून उत्तर देऊ नये. पाचवं सांगतं, द्यावं. ही संकलकाची डुलकी नव्हे. दोन्ही सल्ले खरे आहेत, आणि आज समोर कोणता प्रसंग आहे ते वाचणाऱ्याने ओळखायचं आहे. (भल्या पहाटे मोठ्याने दिलेला आशीर्वाद शाप ठरतो, हे दुसऱ्या दिवशीच्या अध्यायात येतं. व्हॉट्सअॅपवर पहाटे वचनं पाठवणाऱ्या बंधुभगिनींनी ते जरूर वाचावं.)

असं ओळखणं म्हणजे काय, हे पंडिता रमाबाईंकडे पाहिलं की कळतं. पुणे जिल्ह्यातच, केडगावला, त्यांनी जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. त्यांच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या संस्थेला हक्काचं उत्पन्न हवं होतं. मुंगीकडून शीक म्हणणाऱ्या नीतिसूत्राला शोभेल असा हा कारभार. पण १८९६-९७च्या दुष्काळात त्याच बाईंनी मध्य प्रांतात जाऊन सुमारे ३०० मुली-बायका आणल्या. तेव्हा त्यांनी हिशेब आधी केला असता तर एवढ्या जणी आल्याच नसत्या. पुढे हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणणाऱ्या या बाईंना मुंगीही ठाऊक होती आणि येशूच्या प्रवचनातलं उद्याची चिंता न करणारं पाखरूही. फक्त विहीर खणताना त्यांनी पाखराचा दाखला दिला नाही आणि भुकेल्या मुलीसमोर मुंगीचा.

जामिनाबद्दल माझा कल असा: येशू हातात आहे ते द्यायला सांगतो, नीतिसूत्रं आपल्या हाती नसलेल्या उद्याचं वचन देण्यापासून अडवतात. तेव्हा झेपेल तेवढी रक्कम भावाला परतीची आशा सोडून द्यावी, सही मात्र करू नये. हा मार्ग मला बराच सुरक्षित वाटतो, आणि तेवढ्याचसाठी थोडा संशयास्पदही. कारण फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्याशा पत्रात पौल नेमका जामीन राहतो. अनेसिम या दासाचं जे काही देणं असेल ते माझ्या नावावर मांड, असं तो स्वहस्ते लिहून देतो, तेही तुरुंगातून! पण अनेसिम कोण आहे, कुठे चुकला आणि आता कसा वागतो, हे पौलाने जवळून पाहिलं होतं. वारज्यातल्या आपल्या माणसाने चुलतभावाला पतसंस्थेच्या फॉर्मआधी मागचे हप्ते कसे फेडले ते विचारावं, आणि आपल्या बायकोलाही.