रात्री काढलेले बूट

आमच्या धर्मग्रामात काही वर्षांपूर्वी एका बालकाचा स्नानसंस्कार झाला. शुभ्र वस्त्राखाली दोन्ही पायांना मांडीपर्यंत प्लास्टर होते. ते भिजू नये म्हणून आम्ही पाणी जपून ओतले. जन्मतः पावले आत वळलेली असण्याचा हा दोष हजारात साधारण एका बालकास असतो. कोणी ग्रहणाचा विषय काढला, तेव्हा जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी विचारलेला प्रश्न व प्रभूने दिलेला नकार सांगून आम्ही त्यांना गप्प केले. त्या दिवशी आम्हांला ते सोपे गेले.

मूळ स्पेनचे डॉ. इग्नासिओ पोन्सेती यांनी अमेरिकेतील आयोवा येथे विकसित केलेली उपचारपद्धती आज जगभर रूढ आहे. दर आठवड्यास पाऊल हळुवार थोडे वळवून नवे प्लास्टर, असे पाच-सहा वेळा. बहुतेकांना त्यानंतर टाचेमागील कंडरेस लहानसा छेद आणि तीन आठवड्यांचे शेवटचे प्लास्टर. पाऊल सरळ होते, घरात पेढे येतात. परंतु ज्या प्रवृत्तीने पाऊल वाकले, ती बालपणाच्या पहिल्या वर्षांत शमलेली नसते. म्हणून पट्टीने जोडलेले बूट तीन महिने दिवसाचे २३ तास आणि पुढे वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत झोपेच्या वेळी घालावे लागतात. ते सोडले की दोष परतण्याचा धोका फार वाढतो.

हे बालक रात्री रडे. एका रात्री आईने पट्टे सोडले आणि ते तत्काळ झोपी गेले. मग तसेच होऊ लागले. "देवाने पाय सरळ केला, आता लेकराला कशाला छळतेस?" असे आजी म्हणाली. अडीच वर्षांचा असताना तो उकिडवा बसला की टाच जमिनीस टेकेना, चालताना पाऊल आत वळे. तेव्हा ती माता आमच्याकडे आली. पापनिवेदनात नव्हे, मंदिराच्या अंगणात उभी राहून तिने विचारले, "फादर, माझ्या हातून पाप झालं का?"

आम्ही लगेच "नाही" म्हणालो. ती रडायची थांबली. आम्हांला बरे वाटले.

त्या बरे वाटण्यानेच पुढे आम्हांला अस्वस्थ केले. संत थॉमस अक्विनास दयेची भावना आणि दयेचा सद्गुण यांत भेद करतात: दुसऱ्याच्या दुःखाने आपण कळवळतो ती भावना, ती विवेकाच्या अधीन होते तेव्हा सद्गुण. सेमिनरीत हे आम्ही परीक्षेपुरते लिहिले होते. त्या मातेने रात्री पट्टे सोडले आणि आम्ही अंगणात तिच्या प्रश्नाचे पट्टे सोडले. दोन्ही ठिकाणी रडणे थांबले, एवढेच.

मग खरे उत्तर कोणते? चूक झाली, हे खरे. ते नाकारणे म्हणजे तिला अजाण समजणे होय. पण चूक किती, हे मोजणार कोण? बूट नियमाने घातलेल्या मुलांतही काहींचा दोष परततो. या मुलाचा परतलाच नसता, असे तिला कोणी शपथेवर सांगू शकत नाही. शिवाय ती एकटीच जागत होती. वडिलांची रात्रपाळी, आजीचे उपदेश. आणि आम्ही? घर आशीर्वादित करण्यास गेलो तेव्हा ते बूट खुंटीस टांगलेले आम्ही पाहिले होते. "पाय किती छान झाले!" म्हणून चहा घेऊन आम्ही परतलो. खुंटीविषयी एक शब्द विचारला नाही.

हे सारे आम्ही उशिरा तिला सांगितले, खुंटीचेही. ती बराच वेळ काही बोलली नाही. "म्हणजे तुम्हीही पाहिलं होतं," एवढेच म्हणाली.

मुलास पुन्हा प्लास्टरे लागली, मग पुन्हा बूट. पुन्हा दोष बळावलाच तर पायाच्या पुढील भागातील एक कंडरा हलविण्याची शस्त्रक्रिया करावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे. परवा रात्री प्रार्थनेसाठी त्या वाडीत गेलो होतो. मूल बूट नको म्हणून मोठ्याने रडत होते. रजेवर असलेले वडील ओटीवर बसून एकेक पट्टा लावीत होते. आई आतल्या खोलीत झोपली होती.