खिडकीच्या पोटातली वायर

मोठ्या काचेच्या खिडकीत दिवे हवेत, पण वायर कुठे दिसता कामा नये, ही मागणी हल्ली जवळपास प्रत्येक नव्या घरात होते. ॲल्युमिनियमचा सेक्शन आतून पोकळ असतो, म्हणून सगळ्यांना तोच मार्ग सुचतो: आयता पाइप मिळालाय, घ्या ओढून.

आर्किटेक्ट म्हणून मला ती पोकळी कधीच रिकामी वाटली नाही. सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये पावसाचं पाणी शिरणारच, हे धरूनच बाहेरच्या अंगाला निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात. मुंबईत किंवा कोकणात पावसाळाभर तो ट्रॅक धड सुकत नाही. कोपऱ्यांच्या जोडात स्क्रूची टोकं आत डोकावतात. करवतीने कापलेल्या सेक्शनची कड तर चांगलीच धारदार. वायर ओढताना तिचं इन्सुलेशन सोललं, तर ते बाहेरून कुणालाही कळत नाही. आणि 230 व्होल्टची फेज त्या धातूला टेकली, की जिला घरातलं लहान पोरही रोज हात लावतं ती खिडकीच जिवंत होते. चौकटीला अर्थिंग आणि बोर्डात 30 मिलिॲम्पिअरची आरसीसीबी हवीच. पण मुळात ती फेज तिथे न्यायचीच कशाला?

एलईडीमुळे हा प्रश्न बराच सुटला. 24 व्होल्टची पट्टी वापरायची आणि ड्रायव्हर चौकटीबाहेर, हात पोहोचेल अशा जागी ठेवायचा. दुकानात 12 व्होल्टची पट्टीही मिळते, पण 60 वॉटसाठी ती 5 ॲम्पिअर घेते, 24 व्होल्टची अडीच. दहा मीटर लांब नेलेल्या दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत पहिलीचा सव्वा व्होल्टच्या आसपास, म्हणजे दहा टक्के दाब वाटेतच खर्च होतो. दुसरीचा अडीच टक्के. शेवटच्या खिडकीतला दिवा मंद का, असं मालक विचारतात, त्याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं. वायर थोडी सैलही सोडावी लागते. चौकटीची तीन मीटरची उभी ॲल्युमिनियम पट्टी हिवाळ्यातल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या उन्हापर्यंत, तापमानात 40 अंशांचा फरक धरला, तर पावणेतीन मिलिमीटर वाढते.

खरी अडचण मात्र माणसांच्या वेळापत्रकाची. इलेक्ट्रिशियन भिंतीत झिऱ्या मारून पाइप टाकतो, तेव्हा खिडकीचे सेक्शन कापलेलेही नसतात. फॅब्रिकेटर प्लास्टर झाल्यावर येतो आणि वायरीच्या भोकाचा विषय निघाला की म्हणतो, “साहेब, भोक तुम्ही पाडलंत तर गळतीची गॅरंटी माझी नाही.” त्याचं बरोबर आहे. म्हणून भोक वर्कशॉपमध्येच, पावडर कोटिंगच्या आधी पडावं, वरच्या बाजूने आणि आतल्या अंगाला. त्यात रबरी ग्रोमेट बसावा आणि वायरीला स्वतःची वेगळी नळी असावी. ती पाण्याच्या वाटेत येऊ नये.

पुण्यातल्या जुन्या वाड्यांत लाकडी केसिंग-कॅपिंगची वायरिंग सागवानी चौकटीच्या कडेकडेने उघड धावायची. दिसायला ती साधीच, पण कॅपिंगचे चार स्क्रू काढले की सगळी वायर डोळ्यांसमोर. मला ती आजही पसंत आहे. ॲल्युमिनियममध्येही दाबून बसणारी, काढता येणारी पट्टी घेता येते. मालकांना मात्र त्या पट्टीची बारीक रेघही खुपते. एलईडीची पट्टी दहा वर्षांत जाईल, खिडकी तीस वर्षं राहील, हे सांगितल्यावर काही जण ऐकतात.

गंमत म्हणजे आतल्या मूड लाइटसाठी एवढा खटाटोप करणाऱ्या घरांत आकाशकंदिलाची सोय कुणी मागत नाही. मग दरवर्षी दिवाळीत सरकत्या झडपेच्या फटीतून एक बारीक वायर बाहेर जाते, झडप तिच्यावर चेपते आणि डास आत येतात. मी हल्ली न विचारताच छज्ज्याच्या तळाशी एक वेदरप्रूफ सॉकेट आणि आत त्याचं बटण दाखवून ठेवतो. काम चालू असताना तो पाइप टाकायला फारसा वेळ लागत नाही; गृहप्रवेशानंतर त्याच कामासाठी रंगवलेली भिंत फोडावी लागते.