धडा आणि शिल्लक

स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला की पुढचे काही आठवडे सत्कारांचे असतात. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागांत फ्लेक्स लागतात, गावी मिरवणूक निघते आणि क्लासच्या सभागृहात निवड झालेल्या उमेदवाराचे व्याख्यान होते. या व्याख्यानाचा क्रम आता ठरून गेला आहे. पहिल्या प्रयत्नात पूर्व परीक्षाच गेली, दुसऱ्यात मुख्य परीक्षा गेली, तिसऱ्यात मुलाखत होऊनही यादीत नाव आले नाही. पण या अपयशांनीच मला घडवले. बोलणारा मनापासून बोलत असतो आणि त्याच्या कष्टांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. माझा आक्षेप आहे तो त्याच्या शेवटच्या वाक्याला. व्याख्यानांतून, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून, घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ते इतके सर्रास फिरते की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. अपयश माणसाला घडवते का, या प्रश्नाचे उत्तर चुकले तर हजारो तरुणांची पाच-सात वर्षे त्या चुकीपायी जातात. म्हणून तो व्यासपीठावरच्या एका वाक्यात निकालात काढण्याजोगा नाही.

आधी साधा हिशेब पाहू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला अलीकडे दरवर्षी १० लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि जागा असतात हजाराच्या आसपास. जागा किती हे जाहिरात ठरवते. उमेदवारांच्या जिद्दीने त्या वाढत नाहीत. सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला तर कट-ऑफ वर जाईल, यादीची लांबी तेवढीच राहील. म्हणजे ‘टिकून राहा, यश येईलच’ हा सल्ला एखाद्याच्या बाबतीत खरा ठरू शकतो, पण भरलेल्या सभागृहाला दिला तर तो बहुतेकांच्या बाबतीत खोटा ठरणार हे आधीच ठरलेले असते. अपयश ही यशाची पहिली पायरी, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पायरी म्हटली की वर जिना असल्याचे गृहीत धरले जाते, आणि या परीक्षेत बहुतेकांसाठी तो नसतो. नागरी सेवेला खुल्या प्रवर्गात सहा प्रयत्न आणि ३२ वर्षे वय ही मर्यादा आहे. राज्यसेवेला तीच वयोमर्यादा ३८ वर्षांची आहे. प्रत्येक अपयश आपल्याला पोस्टच्या जवळ नेते असे मानणारा मुलगा थांबण्याचा निर्णय घेऊच शकत नाही, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे तो नेहमीच पूर्वीपेक्षा जवळ असतो. शिवाय व्याख्यान देणाऱ्यासारखेच तीनदा नापास झालेले, तेच धडे शिकलेले आणि चौथ्यांदाही यादीत न आलेले उमेदवार व्यासपीठावर कधी बसत नाहीत, त्यामुळे त्यांची साक्ष नोंदलीच जात नाही. यशस्वी उमेदवारांच्या छायाचित्रांमागे किती माहिती लपवली जाते, हे सरकारच्याही लक्षात आले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत निवड झालेल्या उमेदवाराने नेमका कोणता अभ्यासक्रम केला होता हे सांगण्याचे बंधन घातले.

अपयश माणसाला घडवते या मताची एक विद्वान आवृत्तीही आहे आणि तिची दखल घेणे भाग आहे, कारण प्रेरणादायी व्याख्याते शेवटी तिचाच आधार घेतात. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅलहून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात आघातानंतरच्या वाढीची कल्पना मांडली आणि १९९६ मध्ये ती मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. आयुष्याची किंमत कळणे, नाती घट्ट होणे, नव्या वाटा दिसणे, स्वतःच्या बळाची जाणीव होणे, आध्यात्मिक बदल होणे असे तिचे भाग आहेत. मूळ मांडणी सावध होती. वाढ होते ती आघाताशी झगडण्यातून, आघातामुळे नव्हे, आणि वाढ झाली तरी दुःख उरतेच, असे ते दोघे म्हणत होते. लोकप्रिय झाली ती मात्र सावधपणा गाळलेली कल्पना. मला त्याहून मोठी अडचण मोजणीत दिसते. ही प्रश्नावली माणसालाच विचारते की तू किती बदललास. म्हणजे पूर्वी आपण कसे होतो हे आठवायचे, आज कसे आहोत हे ठरवायचे आणि मधला फरक त्या एका घटनेच्या नावे टाकायचा. या तिन्ही गोष्टी मनातल्या मनात करायच्या. पॅट्रिशिया फ्रेझियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांची मोजणी आधीही केली होती आणि नंतरही. मधल्या काळात ज्यांच्यावर मोठा प्रसंग ओढवला, त्यांनी स्वतःत झाली असे सांगितलेली वाढ आणि दोन मोजण्यांतून दिसलेला बदल यांचा मेळ जवळजवळ बसला नाही. आपण वाढलो असे सांगणाऱ्यांचा त्रास आधीपेक्षा वाढलेला होता. प्रत्यक्ष मोजणीत ज्यांच्यात बदल दिसला त्यांचा त्रास कमी झालेला होता. एका अभ्यासावर सगळा निवाडा करता येत नाही हे मान्य. तरीही दुःखाने मला घडवले या कथनाला पुरावा म्हणून किती वजन द्यावे, याविषयी त्याने शंका निर्माण केली आहे आणि व्यासपीठांवर त्या शंकेचा मागमूसही दिसत नाही.

मग थोर उदाहरणे पुढे केली जातात. व्हिक्टर फ्रँकल यांचे नाव हमखास येते: छळछावणीने त्यांना जीवनाच्या अर्थाचे तत्त्वज्ञान दिले, असे सांगतात. वस्तुस्थिती उलटी आहे. फ्रँकल व्हिएन्नामध्ये मनोविकारतज्ज्ञ होते, त्यांची विचारपद्धती छावणीच्या आधी तयार होत आली होती आणि पुस्तकाचे हस्तलिखित घेऊनच ते आउश्वित्झला पोहोचले. ते तिथे हिरावले गेले. अर्थ सापडण्यासाठी यातना आवश्यक नाहीत, हेही त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले आहे. आपल्याकडचे उदाहरण टिळकांचे. मंडालेच्या तुरुंगाने गीतारहस्य दिले, हे वाक्य शाळकरी मुलालाही पाठ असते. टिळक १९०८ मध्ये शिक्षा भोगायला गेले तेव्हा ‘ओरायन’ आणि वेदांच्या आर्क्टिक निवासावरचा ग्रंथ लिहून झालेले पंडित होते आणि गीतेविषयीचे त्यांचे मत कित्येक वर्षे मनात घोळत होते. तुरुंगाने त्यांचे वृत्तपत्र काढून घेतले, प्रकृती काढून घेतली, पत्नीच्या अखेरच्या काळात तिच्याजवळ असणे काढून घेतले. सत्यभामाबाई १९१२ मध्ये गेल्या. जे काढून घेता आले नाही ते म्हणजे संस्कृतचा व्यासंग, मनातला सिद्धान्त आणि कागद-पेन्सिल मिळाल्यावर लिहीत बसण्याची सवय. १९१०-११ च्या हिवाळ्यात ग्रंथ उतरला तो या उरलेल्या सामग्रीतून. तुरुंगाला श्रेय देणे हा त्या व्यासंगावर अन्याय आहे.

माझे म्हणणे मी या भेदावर आणून ठेवतो. अपयशानंतर माणसाला दोन प्रश्न विचारता येतात. एक, यातून काय शिकलास? दुसरा, हे सगळे होऊन तुझ्याजवळ काय उरले? पहिला प्रश्न धड्याचा, दुसरा शिल्लकीचा. आपली सगळी चर्चा पहिल्या प्रश्नाभोवती फिरते आणि माझ्या मते उभारीचा मार्ग जवळजवळ नेहमी दुसऱ्यातून जातो. शिल्लक म्हणजे पैसा तर आहेच, पण त्यासोबत शरीर, कमावलेले कौशल्य, आधीपासून मनात असलेली निष्ठा आणि ज्यांच्याविषयी आपण उत्तरदायी आहोत अशी माणसे. या शिल्लकीची कुणाच्या तरी खऱ्या गरजेशी गाठ पडली की हेतू निर्माण होतो. धोंडो केशव कर्वे यांचे आयुष्य या दृष्टीने वाचावे. पब्लिक सर्व्हिसच्या परीक्षेसाठी मुरुडहून कुंभार्ली घाट ओलांडून साताऱ्याला पायी गेलेला आणि वय लहान दिसते म्हणून परत पाठवला गेलेला मुलगा आपण शाळेतल्या धड्यातून ओळखतो. पण त्या पायपिटीतून कर्वे घडले असे म्हणायला आधार नाही. १८९१ मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. त्या दुःखाने त्यांना विधवांचा प्रश्न शिकवला असेही नाही. विधवाविवाहाविषयीचे त्यांचे मत त्याआधीचे होते. दुःखाच्या दिवसांत ते मत टिकून होते, गणित शिकवण्याची नोकरी होती, आणि नरहरपंत जोशी हा मित्र होता, ज्याची विधवा बहीण गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. मुरुडने बहिष्कार टाकला, तरी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला. पुढची हिंगण्याची संस्था आणि १९१६ चे महिला विद्यापीठ सर्वांना माहीत आहे.

रमाबाईंचे नाव आले की माझ्या मांडणीवरचा सर्वांत बळकट आक्षेप समोर येतो. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई-वडील गेले. १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ च्या आरंभी पती बिपिनबिहारी मेधावी गेले. १८९३ मध्ये शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप होऊन रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले आणि मुली काढून नेल्या गेल्या. यानंतर १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगावची ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली. ज्या बाईने दुष्काळात आई-वडील गमावले तीच दुष्काळातल्या मुलींकडे धावली. इथे तरी दुःख हाच गुरू नव्हता का? या आक्षेपाचा अर्धा भाग मी मान्य करतो. त्या मुलींची अवस्था पाहताक्षणी ओळखणारी नजर त्यांना स्वतःच्या भोगातून आली होती. पण तो दुष्काळ भोगलेल्या असंख्य माणसांकडे तीच आठवण होती. रमाबाईंकडे त्या आठवणीखेरीज वडील अनंतशास्त्रींनी विरोध सोसून करवलेले संस्कृत अध्ययन होते, इंग्लंड-अमेरिकेत मिळवलेले शिक्षण होते, अमेरिकेत उभी राहिलेली, निधी पाठवणारी संघटना होती आणि संस्था चालवण्याचा सात-आठ वर्षांचा अनुभव होता. आठवणीने कुठे धावायचे ते सांगितले असेल, धावता आले ते या शिल्लकीमुळे. ती नसती तर तीच आठवण घेऊन त्यांचे आयुष्य हळहळण्यात गेले असते, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता आला नसता.

सगळे प्रारब्ध आहे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही, आणि सगळा दोष व्यवस्थेचाच म्हणणारे उद्या सकाळी काय करायचे ते सांगत नाहीत. अधिक विचार करायला लावणारे म्हणणे वेगळे आहे: अपयशातून आपण घडतो ही समजूत खरी नसली तरी माणसाला तगवते, मग ती का काढून घ्यावी? तग धरायला कुणी काहीही मनाशी म्हणावे, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती समाजाने त्याची अपेक्षा करण्याला. दुःखातून वाढ झालीच पाहिजे असे ठरले की जो नुसताच थकला, ज्याला काहीही साक्षात्कार झाला नाही, त्याच्या माथी दुसरे अपयश येते. आधी परीक्षेत नापास, आता नापास होण्याचा लाभ घेण्यातही नापास. अभ्यासिकेतून परतलेल्या मुलाला हा दुसरा भार पहिल्यापेक्षा जड वाटत असेल तर नवल नाही. शिल्लकीचा प्रश्न त्याच्यावर असा भार टाकत नाही. काहीच नवे न शिकलेल्या माणसाजवळही काही उरलेले असते आणि ते मोजता येते. पाच वर्षे राज्यसेवेचा अभ्यास केलेल्याला राज्यघटना माहीत असते, जमीन महसुलाचा कायदा कळतो, अर्थसंकल्प वाचता येतो, शासनाचा जीआर समजून दुसऱ्याला समजावता येतो. सातबाऱ्यावरची चूक, पीकविम्याचा नाकारलेला दावा, ग्रामपंचायतीचा विकास आराखडा या प्रत्येक ठिकाणी अशा माणसाची गावाला गरज असते. त्यातून पोट भरेल याची हमी मात्र आज नाही, आणि हे सांगितल्याशिवाय गावाकडे परत जा म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

शिवाय शिल्लक सर्वांची सारखी नसते. बागायतदाराच्या किंवा प्राध्यापकाच्या मुलाला पाच वर्षे गेल्यावरही घर, ओळखी आणि वेळ उरतो. कोरडवाहू शेती करणाऱ्याने कर्ज काढून पाठवलेल्या मुलाला उरते ते कर्ज. मुलीच्या बाबतीत तर प्रयत्नांची संख्या आयोग ठरवत नाही, घर ठरवते. दुसऱ्या निकालानंतर स्थळे पाहायला सुरुवात होते आणि अभ्यासिकेतली तिची जागा दुसऱ्या कुणाला जाते. या सगळ्यांना एकाच सभागृहात बसवून अपयशाचे तेच गुणगान ऐकवणे मला क्रूर वाटते. मुलाखतीपर्यंत पोहोचून अंतिम यादीत न आलेल्या इच्छुक उमेदवारांची माहिती नोकरी देणाऱ्यांना खुली करण्याची योजना केंद्रीय लोकसेवा आयोग काही वर्षे राबवतो आहे. दिशा बरोबर आहे, कारण ती उरलेल्या गुणवत्तेला किंमत देते. पण ती फक्त शेवटच्या टप्प्यापर्यंत गेलेल्यांसाठी आहे. त्याआधी बाहेर पडलेल्या, पदवीनंतरची पाच वर्षे या परीक्षांना दिलेल्या आणि बायोडेटामध्ये त्या जागी ‘गॅप’ लिहावी लागणाऱ्या मुलीसाठी असे काहीच नाही. तिच्या अभ्यासाला तालुक्यातली पतसंस्था, शाळा, वकिलाचे कार्यालय किंवा शेतकरी कंपनी काही मोल देते का, यावर तिची पुढची दहा वर्षे अवलंबून आहेत. तिने अपयशातून कोणता धडा घेतला यावर फारच थोडी.