पथ्य

सज्जनहो, आपल्या परभणी-गंगाखेडकडच्या कितीतरी घरांत देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आता बीपीच्या गोळीची पट्टी येऊन बसली आहे, आणि तिच्या सोबतीने एक जुना शब्द पुन्हा बोलण्यात आला आहे, तो म्हणजे पथ्य. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली की घरचे माणूस हळूच विचारते, "पथ्य काय पाळायचं?" आणि विचारतानाच त्याचा चेहरा उतरतो; कारण पथ्य म्हणजे बंदी, पथ्य म्हणजे लोणच्याची बरणी उंच फळीवर जाणे, पथ्य म्हणजे भरल्या ताटावर बसून उपाशी राहणे, असा अर्थ आपण मनाशी धरून बसलो आहोत. हा शब्द आज जरा सावकाश उलगडून पाहू.

पथ्याच्या पोटात 'पथ' आहे. पथाला जे सोडत नाही, वाटेला जे धरून असते, ते पथ्य. आयुर्वेदाने देहातल्या स्रोतसांना, म्हणजे आतल्या मार्गांना, पथ मानले आणि त्या मार्गांना जे हितकर ते पथ्य म्हटले. हिरड्याला 'पथ्या' हे नाव मिळाले ते याच हितकरपणामुळे. आपली मराठी तर म्हणते की एखादी गोष्ट 'पथ्यावर पडली', म्हणजे लाभाची ठरली. बंदीची छाया या शब्दावर मागाहून पडली. त्याच्या मुळाशी आहे ती वाट आणि त्या वाटेचे हित.

मग रक्ताची वाट पाहा. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते, दर वेळी रक्त धमन्यांच्या भिंतींना रेटा देत पुढे जाते, आणि तो रेटा मोजला की त्याला रक्तदाब म्हणतात. दवाखान्यात तो पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर त्या भिंती वर्षानुवर्षे रेटा सोसत ताठर होतात, आतून चरबीचे थर धरतात, आणि बहुधा काही दुखत नाही, काही खुपत नाही, म्हणून आपल्याला कळतही नाही. न दुखणाऱ्या वाटेची जो रोज काळजी वाहतो, त्यालाच पथ्य कळले.

पथ्याचा पहिला पदर जिभेचा. मीठ अंगात पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते, आणि तेवढ्याच नळ्यांतून जास्त रक्त ढकलावे लागते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा, आणि त्यात भाजी, लोणचे, पापड, ठेचा, फरसाण सगळे आले. पण आपल्या मातीकडे पाहा, जिथे १९७२ पासूनचे कृषी विद्यापीठ आहे आणि 'परभणी मोती' नावाची रब्बी ज्वारी पिकते. त्या ज्वारीची भाकरी मिठावाचून थापता येते आणि अळणी असूनही गोड लागते. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या 'डॅश' प्रयोगात मीठ तेवढेच ठेवून फळे, भाज्या, धान्ये आणि कमी स्निग्ध दूध ताटात वाढवले आणि चरबी घटवली, तर उच्च रक्तदाबाच्या माणसांचा वरचा आकडा काही आठवड्यांत सरासरी ११ ने उतरला. भाकरी, वरण, पालेभाजी, बिनमिठाचे ताक हे ताट त्याच जातीचे आहे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र फळे-भाज्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, कारण एकाचे पथ्य दुसऱ्याचे कुपथ्य होऊ शकते.

दुसरा पदर पायांचा, आणि इथे पथ्य शब्दशः वाट होते. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड करत पंढरीकडे जाते, तेव्हा आपण तिच्या धुळीला नमस्कार करतो. पण पथ्य आहे ते त्या चालण्यातच. चालणाऱ्याचे स्नायू रक्त मागतात, धमन्या सैलावतात, त्यांची लवचिकता टिकते. आठवड्यात १५० मिनिटे भरभर चालण्याचा नियम धरला तर उच्च रक्तदाबात वरचा आकडा साधारण ५ ते ८ ने उतरतो, आणि वाढलेले वजन घटले तर किलोमागे सुमारे एकाने. ज्यांच्या छातीत दुखते त्यांनी आधी तपासून घ्यावे. पंढरीची वारी वर्षातून एकदा घडते. पथ्य ही अंगणापासून शिवारापर्यंतची रोजची वारी आहे.

तिसरा पदर मनाचा. माळ घालताना वारकरी मद्य आणि मांस सोडतो. त्याच संकल्पात तंबाखूही सुटावी, कारण निकोटिन धमन्या आवळते आणि हृदयाला धावायला लावते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण दुकानाची बंदी बाहेरून येते आणि पथ्य आतून उगवते. गंगाखेडच्या जनाबाईचे जाते आठवा: हात दळतात, मुख नाम घेते, आणि कष्टाला लय मिळते. नामाच्या लयीत श्वास लांब आणि संथ होतो, संथ श्वासाने ताणलेल्या नाड्या निवतात, दाबही थोडा उतरतो. जी वाट देहाला मोकळी करते तीच मनालाही मोकळी करते, म्हणून आपल्या संतांनी देह आणि मन यांचे पथ्य वेगळे केले नाही.

आता शेवटचा पदर. पथ्य कळले म्हणून कुणी गोळी सोडू नये. ती सोडणे हेही वाट सोडणेच आहे. दिंडीत टाळाला मृदंगाची साथ असते, तशी पथ्याला औषधाची. पथ्याने आकडा उतरला तर गोळी कमी करायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील. आपल्याकडे आहे ते पाऊल टाकणे. तेव्हा सज्जनहो, आज रात्री ताटात वरून मीठ घेऊ नका, उद्या पहाटे अर्धा तास चाला, खिशातली पुडी टाकून द्या, आणि गोळी वेळेवर घ्या.