न मागणाऱ्याचं देणं

देणं कुणाचं लागतं? जो मागायला येतो त्याचं, असा जगाचा व्यवहार आहे. बँकेच्या काउंटरवर मी तो रोज पाहतो. जो काचेवर चावी आपटतो त्याचं काम आधी होतं. कोपऱ्यातल्या बाकावर मांडीवर छत्री घेऊन बसलेले पेन्शनर जेवणाच्या सुट्टीपर्यंत तसेच बसून राहतात.

मांजर हे या पेन्शनर जातीतलं जनावर. तुम्ही म्हणाल, छे! दुधाच्या वेळी ऐका त्याचा आवाज. कबूल. दुधासाठी ते सारी चाळ डोक्यावर घेतं. पण दुखणं आलं, की तेच मांजर कपाटाखाली जाऊन गप्प बसतं. श्वास अडला तरी अर्ज करत नाही.

आमच्या मनीला दमा आहे असं कळलं, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी मला चक्क आकडेमोडीचं काम दिलं. मी खूश! ती गाढ झोपली, की घड्याळ घेऊन बसायचं. छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची. घुरघुर चालू असताना मोजायचं नाही, हिशेब चुकतो. मिनिटाला १५ ते ३० म्हणजे खातं ठीक. झोपेतही आकडा ४० च्या वर राहिला, तर डॉक्टर गाठायचा. कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो, तो त्याचा स्वभाव. मांजर तसं करू लागलं, मान पुढे ताणून बसलं किंवा हिरड्या निळसर दिसल्या, तर सकाळची वाट पाहायची नाही. तोंडात पाणी ओतायचं नाही. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी तर मुळीच द्यायची नाही. मांजराला ती विष आहे. हवेशीर टोपलीत ठेवून, आरडाओरडा न करता तडक निघायचं. खोकला आला की 'केस अडकला असेल' असं आपण म्हणतो. दम्याचा खोकलाही हुबेहूब तसाच दिसतो, फक्त केसांचा गोळा काही बाहेर पडत नाही.

घरातली उदबत्ती आणि डासांची कॉइल बंद झाली. 'देवाला काय वाटेल?' असं आई म्हणाली. 'देवाला दमा नाही, हिला आहे,' असं आमच्या सौ.नी सांगितलं.

एकदा रात्री अकराला टोपली घेऊन रिक्षात बसलो, तेव्हा शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मांजरच ना? त्याने कुठे मागितलंय?"

प्रश्न बिनतोड वाटतो; पण मी बँकेतला माणूस. ठेव दहा वर्षं कुणी मागितली नाही, तर ती २०१४ च्या योजनेनुसार रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण त्यानंतरही मालक किंवा वारस आला, की परत मिळते. मागितली नाही म्हणजे नकोच असेल, असं बँकसुद्धा म्हणत नाही. मग माणसाने का म्हणावं? उलट, ज्याला मागता येत नाही त्याच्या दारी आपणच जाऊन विचारायला हवं. कर्ज वसूल करायला जातोच की!

एक अडचण मात्र झाली आहे. मोजायची सवय मांजरापाशी थांबत नाही. परवा ही भाजीची पिशवी घेऊन तीन जिने चढून आली आणि दारातच जरा टेकली. माझी नजर घड्याळाकडे गेली.

"काय बघताय?"

"काही नाही. पिशवी इकडे दे. बस जरा. उद्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ."

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली.

मांजरंसुद्धा कपाटाखाली बसून अगदी हेच म्हणत असणार.