चिकाटी आणि श्रद्धा

नवस फळला नाही तरी माणूस देवाला धरून राहतो, म्हणजे त्याची श्रद्धा खरीच, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मला हे पटत नाही. १९४८ साली बी. एफ. स्किनर यांनी भुकेल्या कबुतरांना, ती काहीही करोत, ठरावीक वेळाने दाणे दिले. आठांपैकी सहा कबुतरांना कसली ना कसली लकब जडली. एक गोल फिरे, दुसरे पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात डोके खुपसे. एकाने या पायावरून त्या पायावर उड्या मारायचा सपाटा लावला. दाणे कायमचे बंद केल्यावरही ते थांबेपर्यंत १०,००० हून अधिक उड्यांची नोंद झाली, आणि दाणे मिळण्याशी त्या उड्यांचा काडीचा संबंध नव्हता. पुढे अनेक प्रयोगांत दिसले ते असे: दर वेळी बक्षीस मिळालेला प्राणी ते बंद होताच लवकर नाद सोडतो, अधूनमधून मिळालेला मात्र करतच राहतो. हात रिकामा राहिल्यानंतरही कधीतरी मिळते, हेच तर तो शिकलेला असतो. नवसही कधी फळतो, कधी नाही.

स्किनर यांच्या निष्कर्षावर आक्षेप आहेत, आणि ते वजनदार आहेत. १९७१ मध्ये स्टॅडन आणि सिमेलहॅग यांनी हाच प्रयोग नव्याने केला, तेव्हा दाण्याची वेळ जवळ आली की बहुतेक कबुतरे चोचच मारताना दिसली. म्हणजे योगायोगापेक्षा उपजत वृत्तीचा वाटा मोठा. पण यातून लकब कशी जन्मते एवढाच प्रश्न पुन्हा उघडतो. ती इतकी का टिकते, याचे उत्तर बदलत नाही. माणूस म्हणजे कबुतर नव्हे, हेही मान्य. तरी १९३९ मध्ये हम्फ्रीज यांना माणसांच्या पापणी मिटण्याच्या प्रतिक्रियेतही हाच कल आढळला होता. मग देव खोटा ठरतो का? मुळीच नाही. संशोधकाची चिकाटीही अशाच तुरळक यशावर पोसलेली असते, म्हणून त्याचे शोध खोटे ठरत नाहीत. वारकरी काहीच मागत नाही, असे कोणी म्हणेल. त्याला चालण्यात आणि भजनात जो आनंद मिळतो तो खराच आहे, आणि तो रोजचा आहे. माझे म्हणणे एवढेच, की चिकाटीवरून मागे काय मिळत गेले ते कळते, देव नवसाला पावतो की नाही ते कळत नाही. ते ठरवायचे तर नवस फेडायला आलेल्यांइतकीच न फळलेल्यांची, आणि नवस न बोलताही बरे झालेल्यांची गणती हवी. ती होत नाही. उलट, मूल दगावलेल्या आईलाच ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ असे ऐकवले जाते. फळले तर देवाचे, फसले तर तिचे, अशा हिशेबात देवाची परीक्षा कधीच होत नाही, आणि दोष मात्र दर वेळी त्या आईच्या पदरी पडतो.